ठोकळ्यांवरचं कॉयर: संगीत की नुसती ठणठण?

रेडस्टोनवाली
माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या व्हिडिओ गेममध्ये नोट ब्लॉकवर, म्हणजे सूर वाजवणाऱ्या ठोकळ्यावर, बाख-हॅन्डेल या जुन्या युरोपीय संगीतकारांची कॉयरची (गायकवृंदाची) गाणी बसवणं हा माणसाच्या गळ्याचा अपमान आहे, असं 'खालचा टेनर' यांनी काल लिहिलं. वाचून डोकं फिरलं. एकदा कॉयरचे चार आवाज (वरून खाली सोप्रानो, आल्टो, टेनर, बास) स्वतः मांडून बघा की! ब्लॉकला 25 सूर, दोन सप्तकं. खाली जे ठेवाल त्यावर ब्लॉकचं वाद्य ठरतं: बासच्या ब्लॉकखाली लाकूड, पण ओळ वर चढली की लाकूड पुरत नाही, लोकर ठेवावी लागते आणि आवाजाचा पोत बदलतो. तो सांधा झाकताना आल्टो-टेनर जसे कानात बसतात, तसे नुसतं ऐकून बसत नाहीत. लयीचंही तेच. रेडस्टोन म्हणजे ब्लॉक वाजवणारी गेममधली वायरिंग; तिचा टिक (वेळेचं माप) 0.1 सेकंदाचा. मिनिटाला 120 मात्रांची लय धरली तर मात्रा 5 टिकांची, तिचे दोन सारखे भाग होत नाहीत. म्हणून मी 75 वर येते, मात्रेला 8 टिक.

खालचा टेनर
मी सासष्टीतल्या चर्चमध्ये लहानपणापासून गातोय. हॅन्डेलच्या 'हालेलुया'त सोप्रानो एक सूर धरून उभ्या राहतात, खाली बाकीचे उसळत असतात, मग सूर पायरीपायरीने वर. तुमचा ब्लॉक ठण् करून विझतो! सूर धरताच येत नाही, मग सस्पेन्शन कुठलं? सस्पेन्शनमध्ये बास सरकला की वर धरलेला सूर टोचायला लागतो, त्यासाठीच तर आम्ही श्वास राखून ठेवतो. आणि शब्द? ते काढले की उरतो सांगाडा.

रेडस्टोनवाली
विझतो, मान्य. म्हणून तोच सूर पुन्हा वाजवते, पण तो ब्लॉक ऐकणाऱ्यापासून 30 ब्लॉक लांब. लांबचा हळू येतो, त्यामुळे ठोका बोचत नाही. सोप्रानो शेवटी 'जी'वर पोचतात आणि साधा ब्लॉक त्याच्या लगेच खालच्या 'एफ शार्प'ला संपतो. तिथे खाली चिकणमाती ठेवून बासरी घेते. शब्दांचं म्हणाल तर 1731 च्या 'वाखेट आउफ' कँटाटातला (वाद्यांसह गायच्या धार्मिक रचनेतला) टेनरचा भाग खुद्द बाखनेच पुढे ऑर्गनसाठी लिहिला. शब्द त्यानेच काढले.

तानपुरा
खरं दुखणं सुराचं आहे. ब्लॉकचे सप्तकातले बाराही सूर समान अंतरावर कापलेले, गंधार शुद्धापेक्षा 14 सेंट चढा (सेंट म्हणजे त्या अंतराचा शंभरावा भाग). कॉयर साथीशिवाय गाते तेव्हा तो आपोआप जागेवर येतो. पेटीचा रोग तोच, म्हणून 1940 मध्ये रेडिओने तिला बाहेर काढलं. योग्यच केलं.

पेटीमास्तर
आली पेटी! गोविंदराव टेंब्यांच्या पेटीला रोग म्हणणार का तुम्ही? माझ्या वडिलांनी आयुष्यभर भजनाला साथ केली, एकाही गायकाचा गंधार बिघडला नाही.

तानपुरा
बिघडलेला ऐकू यायला कान लागतो.

पेटीमास्तर
तोंड सांभाळून बोला. वडिलांवर जायचं काम नाही.

खालचा टेनर
पेटीचं भांडण दुसरीकडे न्या हो! बाई, तुमचं रेकॉर्डिंग ऐकलं. तो लांबचा सूर टोचतो, एवढं मानतो. श्वास मात्र नाही तो नाहीच. आणि मिडी फाइल (संगणकावरची सुरांची तयार नोंद) गेममध्ये ओतून 'मी बसवलं' म्हणत मिरवणाऱ्यांचं काय?

रेडस्टोनवाली
त्यांची बाजू मी कधीच घेतली नाही. त्यांना टेनर कुठे आल्टोच्या वर गेला हेही ठाऊक नसतं. आणि श्वास नाही, हे खरंय. म्हणून ओळीच्या शेवटी 4 टिक मोकळे सोडते.

तानपुरा
गंधाराचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.