तपासणी होत असताना पीएमसी बँक बुडाली कशी?

मुलुंडकर:
२३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध लादले आणि ठेवीदाराला सहा महिन्यांत जेमतेम १,००० रुपये काढण्याची मुभा दिली; ही मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढवली गेली. एकाच बांधकाम समूहाकडे सुमारे ६,५०० कोटी रुपये, म्हणजे एकूण कर्जाच्या सत्तर टक्क्यांहून अधिक रक्कम अडकल्याचे तेव्हा उघड झाले. एका समूहाला भांडवली निधीच्या ४० टक्क्यांपलीकडे कर्ज देऊ नये, असा नियम असताना, आणि लेखापरीक्षक, रिझर्व्ह बँकेचे निरीक्षक व बहुराज्यीय सहकारी संस्थांवर देखरेख ठेवणारे केंद्रीय निबंधक असे तिघे डोक्यावर असताना, हे वर्षानुवर्षे कसे चालले? जाणकारांनी कृपया सांगावे.

ताळेबंद:
सहकारी बँकांच्या लेखापरीक्षणात माझी बरीच वर्षे गेली, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. तपासणी नमुन्यावर चालते: थकलेली खाती, मोठी कर्जे आणि त्या वर्षी नव्याने दिलेली किंवा वाढवलेली कर्जे पाहिली जातात. लेखापरीक्षक वेळेअभावी केवळ वाढीव कर्जेच तपासत, असे या बँकेच्या तत्कालीन व्यवस्थापकीय संचालकांनीच रिझर्व्ह बँकेला लिहिलेल्या पत्रात म्हटले होते. पोलिसांत नोंदवलेल्या फिर्यादीनुसार ४४ अडचणीतील कर्जखाती लपवून त्यांच्या जागी २१,०४९ बनावट खाती दाखवली गेली. रकमा लहान आणि प्रकार ठेवतारण कर्जाचा. ठेवच तारण असल्यामुळे अशा कर्जाची फाइल सहसा कोणी उघडत नाही. खरे सांगायचे तर मीही फारशा उघडल्या नाहीत. यातली सर्वांत बोचरी गोष्ट ही, की ही खाती बँकेच्या संगणक प्रणालीत उघडलेलीच नव्हती, निरीक्षकांना सादर केलेल्या कर्जांच्या यादीतच काय ती होती. यादी बँकेकडून घेण्याऐवजी समोर बसून थेट प्रणालीतून काढून घेतली असती, तर माझ्या मते पहिल्याच दुपारी बिंग फुटले असते.

गावगाडा:
मूळ दुखणे दुहेरी नियंत्रणाचे आहे. १९६६ पासून सहकारी बँकांचा बँकिंग व्यवहार रिझर्व्ह बँकेकडे आणि निवडणुका, संचालक मंडळ, कारभार सहकारी संस्थांच्या निबंधकाकडे, अशी विभागणी होती. दोघांची जबाबदारी म्हटली की ती कोणाचीच उरत नाही. अहमदाबादची माधवपुरा बँक २००१ मध्ये शेअर दलालांना दिलेल्या कर्जांपायी कोसळली, तेव्हाच या बँकांसाठी स्वतंत्र नियामक असावा, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने केली होती. तो झाला नाही. कायद्यात दुरुस्ती झाली ती २०२० मध्ये, पीएमसी बुडाल्यानंतर.

मुलुंडकर:
म्हणजे रिझर्व्ह बँकेचे हात बांधलेले होते, असे समजावे का?

ताळेबंद:
नाही, आणि गावगाडा यांच्याशी माझा मतभेद आहे तो इथेच. राज्यापुरत्या बँकेचे संचालक मंडळ हटवायचे तर रिझर्व्ह बँकेला निबंधकाला सांगावे लागे, हे खरे. परंतु पीएमसी बहुराज्यीय होती आणि अशा बँकेचे मंडळ बरखास्त करण्याचा अधिकार रिझर्व्ह बँकेला आधीपासूनच होता. निर्बंध आले त्याच दिवशी मंडळ जाऊन प्रशासक आला, तो याच अधिकाराने. तेव्हा दुहेरी नियंत्रणाची सबब निदान या प्रकरणात पुढे करू नये. अधिकार होता, माहिती नव्हती, आणि माहिती नव्हती कारण ज्याची तपासणी करायची त्याच्याच कागदावर विश्वास ठेवला गेला.

गावगाडा:
बहुराज्यीय बँकेचा मुद्दा मान्य. मात्र किंमत कोणी मोजली तेही इथे नोंदवायला हवे. १९९३ पासून एक लाखावर थिजलेले ठेवविम्याचे संरक्षण फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाख झाले, आणि निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याचे पैसे देण्याची तरतूद २०२१ मध्ये आली. जानेवारी २०२२ मध्ये बँक युनिटी स्मॉल फायनान्समध्ये विलीन झाली, तेव्हा पाच लाखांवरची रक्कम टप्प्याटप्प्याने, दहा वर्षांपर्यंत फेडण्याचे ठरले. निवृत्तीची सगळी पुंजी तिथे ठेवलेल्या माणसाने त्या दहा वर्षांचा हिशेब आपल्या वयाशी कसा जुळवावा, याचा विचार त्या योजनेत मला कुठे आढळला नाही.