दुर्बिणीचं फोकसचं चाक अडकतंय? स्प्रे मारू नका
चाक मोकळं करायला कुणी पातळ तेलाचा स्प्रे सुचवला असेल तर तो टाळाच. तो जुनं ग्रीस विरघळवून प्रिझमपर्यंत (आतल्या, प्रतिमा सुलटी करणाऱ्या काचांपर्यंत) पसरतो, मग काचेवर धुरकट थर.

आधी निदान. चाक पूर्ण फेऱ्यात सारखंच जड असेल तर ग्रीस सुकलंय. फक्त थंडीत जड होत असेल तरीही दोष ग्रीसचाच. एकाच जागी अडकत असेल तर चाकाच्या आट्यांत (स्क्रूसारख्या खाचांत) वाळू किंवा आटे दुखावलेले. पोरो प्रकारात (पुढची भिंगं डोळ्याकडच्या भिंगांपेक्षा जास्त अंतरावर असलेली दुर्बीण) आयपीसचा पूल, म्हणजे डोळ्याकडची दोन्ही भिंगं जोडणारी पट्टी, वाकलाय का तेही पाहा, हे हमखास राहून जातं.

उघडताना आटे सुटतात त्या जागी पेन्सिलीने खूण करा. आटे बहुधा एकाहून जास्त सुरुवातींचे असतात, म्हणजे ते एकाहून जास्त जागांवरून बसू शकतात. चुकीच्या सुरुवातीत बसवले तर दूरचं फोकस होणार नाही. जुनं ग्रीस आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून हेलिकॉइडचं (भिंग पुढे-मागे सरकवणाऱ्या आट्यांसाठीचं) दाट ग्रीस अगदी पातळ लावा. नायट्रोजन भरलेली जलरोधक दुर्बीण मात्र घरी उघडू नका.