प्रतिसाद: आल्प्समधील फुलपाखरे आणि सकाळची घाई
स्वित्झर्लंडच्या पायी भटकंतीत फुलपाखरांचे फोटो काढण्यासाठी पहाटेच निघावे का, असे वर विचारले आहे. माझ्या मते घाई करू नये. नागपुरात अंबाझरी तलावावर आपण ऊन चढण्याआधी पोहोचतो. आल्प्समध्ये मात्र उन्हाची वाट पाहावी लागते, कारण अंग तापल्याशिवाय फुलपाखराला उडता येत नाही. मागच्या पंखांवर लाल ठिपके मिरवणारे पांढरे अपोलो फुलपाखरू जुलैत जांभळ्या काटेरी फुलांवर असे सुस्त बसलेले असते, तेव्हा 100 मिलिमीटरची मॅक्रो लेन्स (अगदी जवळून फोटो काढायची लेन्स) घेऊन, आपली सावली त्याच्यावर पडू न देता, गुडघ्यांवर सरकत जवळ जावे. (गुडघ्यांचे नंतर काय होते, ते विचारू नये.) निळ्या फुलपाखरांच्या मिटलेल्या पंखांची खालची बाजूही टिपावी, जात बहुधा तिथल्या ठिपक्यांवरूनच ओळखता येते.