छोटी इंजिनं: ब्रँड बघायचा की आतली बनावट?

चक्रधर

वीडर, पाण्याचा पंप, छोटा जनरेटर, गवत कापायचं यंत्र यांच्या पाच-सहा हॉर्सपॉवरच्या इंजिनाचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "होंडा घ्या आणि विसरून जा." मला हा सल्ला अपुरा वाटतो, आणि त्यापायी लोक फसतात.

होंडाचंच उदाहरण घ्या. जीएक्स आणि जीसी या दोन्ही मालिकांवर नाव एकच, पण आतून ती वेगळी यंत्रं आहेत. जीएक्सचं हेड, म्हणजे सिलिंडरचं वरचं झाकण, चार बोल्ट काढले की हातात येतं. बोअरला, म्हणजे पिस्टन ज्या भोकात वरखाली होतो त्याला, बिडाची स्लीव्ह (आतलं अस्तर) आहे, पिस्टन ओव्हरसाइज (किंचित मोठे) मिळतात, म्हणजे झिजलं तर बोअर करून पुन्हा उभं करता येतं. जीसीमध्ये सिलिंडर आणि हेड एकाच ओतकामात आहेत आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट आतल्या पट्ट्यावर फिरतो. हेड गॅस्केटच नाही, त्यामुळे ते कधी उडणार नाही, हे खरं. पण व्हॉल्व्ह सीटपर्यंत, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कडेपर्यंत, पोचायचं तर अख्खा क्रँककेस (इंजिनाचं खालचं कवच) उघडावा लागतो.

ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचंही तसंच. काही मॉडेलांत पिस्टन थेट ॲल्युमिनियमच्या बोअरमध्ये चालतो, तर 'आयसी' अक्षरं असलेल्यांत बिडाची स्लीव्ह असते. दुकानात दोन्ही शेजारी ठेवली तर वरून फरक कळत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की ब्रँड नंतर विचारा. आधी मालिका विचारा, स्लीव्ह आहे का विचारा, हेड सुटं होतं का विचारा.

निळा पाना

असहमत. बनावट महत्त्वाची आहे, पण ती कागदावर कुणीही उतरवू शकतं, आणि उतरवलेली आहेच. 168एफ, 188एफ अशा नावांची चिनी इंजिनं बघा. पहिला 1 म्हणजे एक सिलिंडर, पुढचे 68 किंवा 88 म्हणजे बोअर मिलिमीटरमध्ये, एफ म्हणजे हवेवर थंड होणारं. 68 चा बोअर जीएक्स160 चा, 88 चा जीएक्स390 चा. तुमच्या प्रश्नांना ही इंजिनं "हो" म्हणतील: स्लीव्ह आहे, हेड सुटं आहे, सुटे भाग तर पोत्याने मिळतात. म्हणून ती जीएक्सच्या तोडीची झाली का?

व्हॉल्व्हचं पोलाद, कॅमच्या पृष्ठभागाचं कडकीकरण, बेअरिंगचा दर्जा, ओतकामात राहिलेली वाळू, यातलं काहीच उघडल्याशिवाय दिसत नाही. तिथे ब्रँडच कामाला येतो. जीएक्स 1983 पासून चालू आहे. एवढी वर्षं तोच साचा सुधारत नेणं हीच हमी.

जुना फिटर

दोघांनाही एक सांगतो. दुरुस्तीला सोपं म्हणाल तर जुनं साइड-व्हॉल्व्ह ब्रिग्ज, म्हणजे व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून सिलिंडरच्या बाजूला असलेलं. व्हॉल्व्ह दाबणारा रॉकर नाही, त्याला ढकलणारा पुशरॉड नाही. हेड म्हणजे नुसतं झाकण. काढलं की दोन्ही व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा माथा डोळ्यासमोर. कार्बन खरवडा, व्हॉल्व्ह घासून बसवा, गॅस्केट टाका, झालं. मी हे काम शिकलो ते त्याच इंजिनांवर, आणि नवशिक्याच्या हातात आजही तेच द्यावं असं मला वाटतं.

चक्रधर

फिटरकाका, हेड काढायला सोपं, मान्य. पण क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या टॅपेटमधली फट, कमी झाला की काय करायचं? त्या इंजिनांत टॅपेटला ती फट जमवायचा स्क्रू नसतो. व्हॉल्व्ह बाहेर काढून दांड्याचं टोक ग्राइंडरवर किंचित घासायचं, परत घालून फीलर गेजने मोजायचं, पुन्हा काढायचं. जरा जास्त घासलं गेलं की तो व्हॉल्व्ह वाया. ओव्हरहेड व्हॉल्व्हमध्ये (व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असतात) झाकण काढून लॉकनट सैल केला की काम दहा मिनिटांचं. जुन्या जीएक्स160 ला थंड इंजिनावर इनलेट 0.15 आणि एक्झॉस्ट 0.20 मिलिमीटर.

जुना फिटर

माप घासून जमवणं हे कौशल्य आहे, अडचण नाही. बाकी तुमचं बरोबर. आणि मापं मॉडेलप्रमाणे बदलतात, तेव्हा वाचणाऱ्यांनी 0.15 डोक्यात ठेवून नवं इंजिन उघडू नये. आधी मॅन्युअल बघावं.

टॅपेट

क्लिअरन्सवरून माझा अनुभव. नामवंत कंपनीचं इंजिन, नाव घेत नाही. दोरी ओढली की अर्ध्यात थटायची आणि झटका देऊन हातातून सुटायची. दोन जणांनी सांगितलं, "इंजिन जाम होतंय, विकून टाका." मी फ्लायव्हीलची चावी तुटली का पाहिलं, कारण पातं दगडावर आपटलं की ती मऊ चावी कातरते आणि ठिणगीचं टायमिंग सरकतं. चावी शाबूत होती.

शेवटी व्हॉल्व्हचं झाकण काढलं. रॉकर बोटाने हलवला तर टकटक वाजत होता, एवढी फट. दोरी ओढताना दाब कमी व्हावा म्हणून कॅमवर एक लहानसा उंचवटा असतो, तो व्हॉल्व्ह मिलिमीटरचा एखादा अंश उघडा धरतो. फट वाढली की तो उंचवटा फटीतच संपतो, व्हॉल्व्ह उघडतच नाही आणि पूर्ण कॉम्प्रेशन हातावर येतं. सेटिंग केलं, आणि दोरी लोण्यासारखी आली.

तेव्हापासून मी चक्रधरांच्या बाजूचा. जिथे झाकण काढून मला स्वतःला पोचता येतं, ते इंजिन चांगलं.

निळा पाना

पोचता येतं, पण पुढे बसवायला भाग हवा ना? टेकुमसे कंपनीने 2008 मध्ये इंजिनं बनवणं थांबवलं. फुजी कंपनीच्या रॉबिन इंजिनांची ईएक्स मालिका चेनवर चालणाऱ्या ओव्हरहेड कॅमची (कॅमशाफ्ट वर हेडमध्ये), अप्रतिम यंत्र. फुजीने 2017 मध्ये तो धंदाच सोडला. ब्रिग्जही 2020 मध्ये दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत गेली आणि नव्या मालकाकडे जाऊन सावरली. बनावट कितीही उघडी असली तरी दहा वर्षांनी कार्बोरेटरचं किट मिळणार नसेल तर उपयोग काय?

चक्रधर

हा मुद्दा माझ्या मांडणीत राहिला होता, मान्य करतो. पण मग तुमच्याच तर्काने त्या 168एफ ला एक गुण द्यायला हवा. तिचे बरेचसे भाग जीएक्सला बसतात आणि जीएक्सचे तिला. एक कंपनी बुडाली तरी साचा बुडत नाही.

जुना फिटर

तुमचं चालू द्या, पण माझ्या बाकावर बंद म्हणून येणाऱ्या इंजिनांत बहुतेक वेळा ना बनावट दोषी असते ना ब्रँड. हंगाम संपला, टाकीत पेट्रोल तसंच राहिलं, कार्बोरेटरच्या बाऊलमध्ये पिवळट चिकट थर बसला आणि जेटचं, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी तुकड्याचं, भोक बुजलं. जेट उजेडाकडे धरा, भोक गोल दिसलं पाहिजे. चंद्रकोर दिसली तरी इंजिन चोक लावूनच चालेल आणि गरम झाल्यावर बंद पडेल. तारेने कोरू नका, पितळ ओरखडतं आणि भोक मोठं होतं. क्लीनर फवारा, हवा मारा.

दुसरं, तेल. या इंजिनांत बहुधा तेलाचा पंप नसतो. कनेक्टिंग रॉडच्या टोकाची डावली तेल उडवते. यंत्र उतारावर तिरकं चालवलं किंवा तेल खाली गेलं की डावली कोरडी फिरते, आणि रॉड क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला, धरून जाम होतो. जीएक्सला पहिलं तेल 20 तासांनी बदलायचं असतं. किती जण बदलतात?

निळा पाना

काका, याच ठिकाणी मी ब्रँडवर परत येतो. तेल कमी झाल्यावर इंजिन आपोआप बंद करणारा सेन्सर त्यासाठीच असतो.

जुना फिटर

यंत्र सपाट असलं तर. उतारावर तो फसतो, आणि वायर निघाली तर कळतही नाही. काडी काढून तेल बघायला मिनिटसुद्धा लागत नाही.

टॅपेट

जेट उजेडाकडे धरायचं आत्ताच करून पाहिलं. माझ्या पाण्याच्या पंपाच्या कार्बोरेटरच्या बाऊलचा 10 चा बोल्ट काढला, जेट सोडवला. भोक पूर्ण गोल नाही, खालच्या कडेला काहीतरी आहे. क्लीनरमध्ये भिजत घातलाय.