'बोकूझुकिन'ला कुंची म्हणावं का?

रानजाई: एका जपानी आजींच्या आठवणींचं भाषांतर करतेय. टोकियो, १९४५. हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला की आई पाच वर्षांच्या लेकीला 'बोकूझुकिन' घालते. जुन्या कापडात कापूस भरून घरीच शिवलेलं, डोकं, कान, खांदे झाकणारं, हनुवटीखाली बंद. मी 'कुंची' लिहिलं. मुद्रितं तपासणाऱ्या मावशी म्हणाल्या, कुंची तान्ह्याची, एवढ्या पोरीला कोण घालतं?

मुचकुंद: 'शिरस्त्राण' लिहा. 'बोकू' म्हणजे हवाई हल्ल्यापासून बचाव, 'झुकिन' म्हणजे डोक्यावरचं आवरण. कुंची म्हटलं की बारसं आठवतं.

ओसरी: शिरस्त्राण धातूचं. कापसाला ते नाव दिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल, पोर सुरक्षित होती. ९-१० मार्चच्या रात्री टोकियोवर आगीचे बाँब पडले तेव्हा ठिणग्यांनी हीच झुकिनं पेटली, असं त्यातून जगलेल्यांनी सांगून ठेवलंय. आणि झुकिन हा घरगुती शब्द आहे हो. लांडग्याच्या गोष्टीतली ती लाल टोपड्यातली मुलगी जपानीत 'आकाझुकिन'च आहे.

दुपटं: कुंचीच ठेवा. मला तीन वर्षांची होईपर्यंत थंडीत आजी खणाची कुंची घालायची. पाठीवर येणारा भाग महत्त्वाचा, टोपड्याला तो नसतो. शब्दही 'कंचुका'वरून आला असावा, म्हणजे अंग झाकणारं वस्त्र.

मुचकुंद: कंचुकावरून काचोळी. कुंचीचं नातं आकुंचनाशी असावं, मानेशी चुण्या घालतात म्हणून.

ओसरी: सगळीकडे कुठे घालतात? माझ्या आईनं शिवलेली सरळ होती, एकही चुणी नाही.

आगोट: कोकणात पावसात आम्ही पोत्याची खोळ घेऊन शाळेत जायचो. एक कोपरा दुसऱ्यात खुपसला की डोकं-पाठ झाकली. 'खोळ' का नको?

रानजाई: खोळ नुसती पांघरायची, ही बांधायची. नाव, पत्ता, रक्तगट लिहिलेली पट्टीही शिवलेली असे. 'खोळ' लिहिलं तर ते शिवणारी आई दिसत नाही. अजून एक अडचण आहे. बऱ्याच जपानी शाळांत भूकंपासाठी अशीच झुकिनं असतात, एरवी खुर्चीवर गादीसारखी वापरतात. आजींची नात तेच शाळेत नेते. दोन्हींना एकच शब्द चालेल का?

दुपटं: नातीचं नंतर बघू. ओसरी, चुणी नाही तर मानेशी बसायची कशी? आमच्याकडे दोन चुण्या आणि खणाचा काठ कपाळावर.

ओसरी: काठ कपाळावर? आमच्याकडे पाठीवर.