प्रतिसाद: फायर प्रोमध्ये पकड का हरते, आणि बनवलेले पैलवान का पुसले जातात

एका खेळाडूची तक्रार आहे की 'सुपर फायर प्रो रेसलिंग एक्स प्रीमियम' या कुस्तीच्या व्हिडिओ गेममध्ये (निन्टेन्डोचा सुपर फॅमिकॉम कन्सोल, १९९६) कितीही वेगाने बटणं बडवली तरी डाव समोरचाच मारतो. बडवल्यामुळेच मारतो! ह्यूमन कंपनीच्या या मालिकेत पकड आपोआप बसते. दोघांचे हात भिडतात त्या क्षणी बटण एकदाच दाबायचं. सुरुवातीला फक्त वाय, म्हणजे हलके डाव. प्रतिस्पर्धी थोडा थकला की बी, आणि ए अगदी शेवटी. पहिल्याच मिनिटाला ए दाबलं तर डाव उलटणारच. आपल्या पैलवानाला दम लागला की दूर सरून एल बटण धरा, म्हणजे तो श्वास घेतो. टॅग (जोडीने आळीपाळीने लढायच्या) सामन्यात त्याहून सोपं म्हणजे कोपऱ्यात जाऊन जोडीदाराला आत पाठवणं.

नव्या टीव्हीवर गेम मोड (चित्राचा उशीर कमी करणारी टीव्हीची सेटिंग) लावाच, नाहीतर चित्र उशिरा येतं आणि हे टायमिंग जमतच नाही.

चौघांनी खेळायचं तर मल्टिटॅप (एका पोर्टला अनेक कंट्रोलर जोडणारा डबा) कन्सोलच्या दुसऱ्या पोर्टमध्ये, पहिला कंट्रोलर थेट कन्सोलला. टॅपवर २पी/५पी खटका असेल तर तो ५पीवर हवा. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.

गेममध्ये तुम्ही स्वतः बनवून सेव्ह केलेले पैलवान पुसले जात असतील तर बहुधा कार्ट्रिजमधली बॅटरी संपली आहे. ३.८ मिमी गेमबिटने (अशा कार्ट्रिजच्या खास स्क्रूंसाठीचा पेचकस) स्क्रू काढा, पत्र्या जोडलेली सीआर२०३२ घ्या, धन-ऋण बाजू बघून झाळा. नुसत्या सेलवर थेट झाळकाम करू नका, तो तापून फुटू शकतो. जुनी बॅटरी काढताच उरलंसुरलं सेव्हही जातं.