मदत हवी आहे : बौद्धिक अक्षमता असलेल्या धावपटूंचे न्याय्य गट कसे पाडावेत?

विशेषशिक्षिका :
आमच्या विशेष शाळेकडे यंदा आंतरशालेय मैदानी स्पर्धांचे यजमानपद आहे आणि शंभर मीटर धावण्याचे गट पाडताना काम अडले आहे. प्रमाणपत्रावरील सौम्य, मध्यम, तीव्र या नोंदींप्रमाणे गट पाडले, तर एकाच गटातला पहिला मुलगा शर्यत संपवतो तेव्हा शेवटचा अर्ध्या वाटेवर असतो. वयाप्रमाणे पाडले, तर ही तफावत आणखी वाढते. दोन शाळांनी मुले न पाठवण्याचा इशारा दिला आहे आणि यादी याच आठवड्यात छापायला द्यायची आहे. कृपया नेमकी पद्धत सांगा. खेळाचे महत्त्व आम्ही जाणतो, त्यावर लिहू नये ही विनंती.

मनोमापन :
केवळ बुद्ध्यांक पाहू नका. त्याच्या जोडीला दैनंदिन व्यवहारकौशल्यांचे मूल्यमापन घ्या, दोन्हींचा एकत्रित गुणांक काढा आणि त्यावर गट पाडा. वर्गात मी अनेक वर्षे हेच करत आलो आहे आणि निकाल समाधानकारक आहेत.

जुना_पंच :
ताई, धावपटू किती, कोणत्या वयाचे, मुलगे आणि मुली वेगळे धरले आहेत का, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येकाची वेळ घड्याळावर मोजली आहे का, यांपैकी काहीच तुम्ही लिहिलेले नाही. वेळा नसतील, तर कोणतीही पद्धत तुमच्या उपयोगाची नाही.

धावपट्टी :
मनोमापन यांच्याशी मी पूर्णपणे असहमत आहे. बटणे लावता येणे किंवा पैसे मोजता येणे यावरून पायांचा वेग कळत नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाचे स्नायू शिथिल आणि सांधे सैल असतात. तेवढाच बुद्ध्यांक असलेला दुसरा मुलगा वाऱ्यासारखा धावतो. या दोघांना एका रांगेत उभे करणारा गुणांक मैदानावर निरुपयोगी आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंसाठीच्या स्पेशल ऑलिंपिक्समध्ये खेळाडू पात्र ठरला की त्याच्या अक्षमतेची तीव्रता गटवारीत विचारात घेतली जात नाही. तेथे लिंग, वय आणि प्रत्यक्ष कामगिरी एवढेच पाहतात.

मनोमापन :
शर्यतीत सूचना समजणे, आपली लेन न सोडणे, शिट्टी होईपर्यंत थांबणे हेही असतेच, आणि ते आकलनावर अवलंबून असते.

धावपट्टी :
असते, परंतु त्याचा परिणाम घड्याळातील वेळेत आपोआप उतरतो. जो मुलगा शिट्टीनंतर क्षणभर गोंधळतो, त्याचा तो क्षण मोजला जातोच. त्याच गोष्टीची वजाबाकी दोनदा कशासाठी करायची?

क्रीडावाचक :
प्रमाणपत्रांची पडताळणी अवश्य करा. २००० च्या सिडनी पॅरालिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या स्पेनच्या बास्केटबॉल संघातील १२ पैकी १० खेळाडूंना बौद्धिक अक्षमता नव्हतीच, असे उघडकीस आले. त्यानंतर हा संपूर्ण विभाग पॅरालिंपिकमधून वगळला गेला आणि २०१२ मध्ये लंडनला मोजक्याच खेळांत परतला. प्रामाणिक खेळाडूंनी त्याची किंमत मोजली.

विशेषशिक्षिका :
आमच्याकडे पात्रतेचा वाद मुळीच नाही, सर्व मुले आमच्या परिचयाची आहेत. वेळा अर्थातच घेतल्या आहेत. १६ ते २१ वयाच्या मुलग्यांच्या वेळा सेकंदांत अशा : १४.२, १४.९, १५.६, १६.१, १७.८, १८.५, १९.३, २४.६, २६.०, २७.८ आणि ४१.०. आता सांगा.

जुना_पंच :
हे आधी दिले असते, तर उत्तर कालच मिळाले असते. स्पेशल ऑलिंपिक्सच्या पद्धतीत एका गटात कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ८ स्पर्धक असतात, आणि गटातील सर्वोत्तम व सर्वांत कमी कामगिरीतील फरक शक्यतो १५ टक्क्यांच्या आत ठेवतात. १४.२ वर १५ टक्के धरले, तर सुमारे १६.३ पर्यंत जाता येते. म्हणून पहिल्या चौघांचा एक गट. १७.८ पासून पुढच्या तिघांचा दुसरा, २४.६ पासून पुढच्या तिघांचा तिसरा. हे तिन्ही गट मर्यादेत बसतात. खरा प्रश्न ४१.० सेकंदवाल्या मुलाचा आहे.

एक_पालक :
एवढा हिशेब कशासाठी? सर्वांना एकत्र धावू द्या आणि प्रत्येकाला सुवर्णपदक द्या. माझी मुलगी पदक पाहूनच हरखते.

धावपट्टी :
आपली भावना समजते, तरीही मला हे मान्य नाही. माझ्याकडे सराव करणारा एक मुलगा रेषेच्या दोन पावले अलीकडे थांबतो, मागे वळून मित्र कुठे आहे ते पाहतो आणि मगच रेषा ओलांडतो. पंच त्याला पहिला घोषित करोत वा दुसरा, तो मान वर करून निकाल पूर्ण ऐकतो. या मुलांना स्पर्धा कळत नाही, असे आपणच ठरवतो. चुरशीच्या शर्यतीत मिळालेले तिसरे स्थान हे त्यांचे स्वतःचे असते. सरसकट वाटलेले पदक तसे नसते.

एक_पालक :
जिच्या वाट्याला कधीच पहिला क्रमांक येत नाही, तिच्या घरी येऊन हे सांगा.

जुना_पंच :
गट नीट पाडले, तर तो क्रमांक तिच्याही आवाक्यात येतो, कारण प्रत्येक गटाला स्वतंत्र सुवर्ण, रौप्य आणि कांस्य पदक असते. गटवारीचा खटाटोप आपण तेवढ्यासाठीच करतो.

मूळ प्रश्नाकडे येतो. ४१.० सेकंदवाल्या मुलाला तिसऱ्या गटात ढकलू नका, तेथे तो प्रेक्षकांची सहानुभूती मिळवण्यापुरता धावेल. शेजारच्या वयोगटात त्याच्या वेळेजवळचे कोणी आहेत का, ते पाहा. तीन स्पर्धक होत नसतील, तर वयोगट किंवा मुलगे-मुली एकत्र करण्याची मुभा असते. मात्र दहा वर्षांच्या मुलाला तिशीतल्या माणसाशेजारी उभे करू नये. तेही जमले नाही, तर त्याला ५० मीटर धावणे किंवा चालण्याची शर्यत अधिक मानवेल का, हे त्याच्या शिक्षकांना विचारा. १५ टक्के ही मार्गदर्शक मर्यादा आहे, परंतु ती ओलांडायची असेल, तर कारण लिहून ठेवा.

मनोमापन :
सोपा गट मिळावा म्हणून प्रशिक्षकाने गट ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत मुलाला मुद्दाम हळू धावायला सांगितले, तर? घड्याळाला हे कसे कळणार?

जुना_पंच :
रास्त शंका आहे. यासाठीच पूर्ण प्रयत्नांचा नियम आहे. प्राथमिक फेरीत २० सेकंद घेणारा अंतिम फेरीत १७ सेकंदांच्या आत आला, म्हणजे १५ टक्क्यांहून अधिक सुधारला, तर तो अपात्र ठरू शकतो. मात्र प्राथमिक फेरीत मूल बिचकले असेल, तर अंतिम फेरीपूर्वीच त्याची खरी वेळ लेखी कळवण्याची संधी प्रशिक्षकाला द्यावी, म्हणजे प्रशिक्षकाच्या चलाखीची शिक्षा मुलाला भोगावी लागणार नाही. पिस्तुलाच्या आवाजाने कानांवर हात ठेवून जागीच उभी राहणारी मुले मी पाहिली आहेत. म्हणून शर्यत शिट्टीने सुरू करणार असाल, तर दोन्ही फेऱ्यांत शिट्टीच वापरा. आणि विशेषशिक्षिका ताई, तुमच्या वेळा शाळाशाळांतून आल्या असतील, तर त्या केवळ अंदाजापुरत्या धरा आणि स्पर्धेच्या मैदानावर एकाच पद्धतीने पुन्हा मोजा.

विशेषशिक्षिका :
वेळा शाळांकडूनच आल्या आहेत, म्हणून सकाळी प्राथमिक फेरी आणि दुपारी अंतिम फेरी घेण्याचे ठरवले आहे. २२ ते २९ वयोगटात ३८.४ आणि ४३.२ अशा वेळा असलेले दोघे निघाले; ३८.४ वर १५ टक्के म्हणजे ४४ च्या थोडे वर, त्यामुळे तिघांचा गट जमतो. छापील यादीत आता फक्त नावे आणि वयोगट जातील, गटांचा तक्ता प्राथमिक फेरीनंतर फळ्यावर लागेल. दोन्ही शाळांना हा नियम आजच लेखी कळवते. मुलींच्या गोळाफेकीलाही हेच प्रमाण लावायचे का?

जुना_पंच :
होय, फक्त उलट्या दिशेने : सर्वांत लांबचा फेक ६ मीटर असेल, तर त्या गटातला सर्वांत जवळचा ५.१० मीटरच्या अलीकडे नसावा. गोळ्याचे वजन मात्र गटात सर्वांना एकच ठेवा.